झाकण बसत नाही

टिलबर्ग,
६ ऑक्टोबर २०२४

ताई,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. पाकीट भिजून आलं होतं, आतली धमकी मात्र कोरडी ठणठणीत: "थंडी संपायच्या आत कायमचा निघून ये, नाही तर वरच्या खोलीत मी कांदे भरीन." कांदे भरू नकोस. येतो. वर्कशॉप विकून टाकलं, सुचेताला जाऊन वर्ष होत आलं, आता इथं माझ्यावाचून अडेल असं काही उरलेलं नाही. इथं माणूस निवृत्त झाला की लोक विचारतात, "मग आता काय करणार?" मी म्हणतो, दमणार. आजवर दमायला सवड नव्हती.

तुला ऐकू येईनासं झालं म्हणून आपण पुन्हा कागदावर आलो, हे एका परीनं बरं झालं. मोबाईलवर तू नुसती माझ्या ओठांकडे बघत बसायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "वाळलास." तुझे कान गेले आणि माझे वयाबरोबर तिखटच होत चाललेत. इथली घरं एकमेकांना चिकटून आणि भिंती पापडासारख्या. शेजारीण जिन्यावर कोणत्या पायरीला अडखळते ते मला पाठ आहे. समता फेल्डहोवनहून कामावरून परत येते, गाडी दारासमोर थांबते, इंजिन बंद होतं, आणि मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज येत नाही. बराच वेळ येत नाही. पोरगी नुसती आत बसून राहते. मग घरात येते, जेवते, मी काही विचारलं तर "लाट मार, बाबा" म्हणते आणि वर जाते. लाट मार म्हणजे डचमध्ये राहू दे. तू लाथ मार असं वाचू नकोस.

आई गेल्यावर ती तिचं भाड्याचं घर सोडून इथं राहायला आली, "तात्पुरती" म्हणून. एवढी चाळिशीला आलेली मुलगी बापाला सांभाळत बसली आहे. मी निघालो की तिचीही सुटका होईल. तेवढ्यासाठी तरी निघायला हवं.

फक्त एक काम हातात घेतलंय. सुचेताची बियाणी. औषधांच्या बाटल्या, जुनी पाकिटं, एक तर समताचा लहानपणीचा मोजा, त्यात तिनं बी भरून ठेवलेलं. त्यातला वाल तुझ्याच परसातला, पहिल्या खेपेला तिनं पदराला बांधून आणलेला. पहिली काही वर्षं वेल वाढायचा आणि फुलं यायच्या आत थंडी त्याला मारायची. ती ज्या वेलाला सगळ्यात आधी फूल येईल त्याचंच बी धरत गेली. आता सप्टेंबरात शेंगा लागतात. त्या बियांसाठी मी एक पेटी करतो आहे, वालाच्या शेंगेसारखी. तशीच वाकडी, तशीच पोट आलेली, काठाला जांभळी किनार, आणि आत एकेका बीला घर असतं तसे खळगे. ती घेऊन येतो. मग वरच्या खोलीच्या खिडकीत ठेवू.

पेटी झाली की निघालो.

तुझा धनराज

*

नागपूर,
२ नोव्हेंबर २०२४

धनराज,

जयभीम आणि आशीर्वाद. पत्र काल आलं. पोस्टमन दार वाजवून वाजवून दमला आणि शेवटी खिडकीतून काठी आत घालून त्यानं मला ढोसलं. असं माझं चाललंय.

पेटी कसली करतोस बाप्पा? जन्मभर खोकी ठोकलीस. बाबांच्या हाताखाली संत्र्याची, मग पुण्याला पंपांची, मग तिकडे गोऱ्यांच्या मशिनींची. एवढ्या मोठ्या मशिनीचं खोकं तू सकाळी घ्यायचास आणि दिवे लागायच्या आत ट्रकवर चढवायचास, असं सुचेता कौतुकानं सांगायची. आणि मूठभर वालासाठी तुला महिने लागतात? मी शाळेत तीस वर्षं काढली आहेत. गृहपाठ झाला नसला की पोरं वहीला छान कव्हर घालून आणायची.

समताचं वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. दिवसभर काम करून आल्यावर घरात बाप डोळे लावून बसलेला. जेवलीस का, उशीर का झाला, तोंड का उतरलंय. ती गाडीत बसते ती घरात यायला जीव नको म्हणतो म्हणून. तिच्यावर रागावू नकोस. मीसुद्धा आपल्या आईच्या शेवटच्या वर्षात शाळेतून सरळ घरी येत नव्हते, वाचनालयात जाऊन बसायची. आपल्या माणसाचा कंटाळा येतो, त्यात पाप नाही.

म्हणून म्हणते, ये. वरच्या खोलीला रंग दिला. पांढरा. न्हाणीघरात धरायला दांडा लावला, तुझ्यासाठी. सुचेता माझ्या वर्गातली पहिली पोरगी जी आपल्या घरात सून म्हणून यावी असं मला वाटलं, आणि मीच तिला तुझ्याबरोबर इतक्या लांब पाठवली. आता तिचं बी तरी इथल्या मातीत परत येऊ दे.

मला तुझ्याशी बोलायचं आहे असं काही नाही, ऐकूच येत नाही. घरात कोणी चालताना दिसलं तरी पुरे.

ताई

*

टिलबर्ग,
१ डिसेंबर २०२४

ताई,

गृहपाठाचं लागलं. उत्तर देतो.

पेटीचं अंग झालं. सुचेताचा सागवानी पाट होता ना, तू दिलेला, त्यावर बसून ती मळ्यात निंदायची. त्याचा एक काठ कुजला होता. उरलेल्या फळ्या एकावर एक डकवल्या आणि गोल पटाशीनं शेंग कोरून काढली. मळा म्हणजे आपला नव्हे, इथं गावाबाहेर नगरपालिकेकडून लोकांना वाफे मिळतात, तसला. शेजारच्या वाफ्यात टोन म्हणून एक म्हातारा आहे, सुचेताचा दोस्त. वादळात त्याचं पेअरचं झाड पडलं, त्यातलं लाकूड त्यानं तिच्यासाठी म्हणून दिलं. त्याचं झाकण केलं. रंग कसा म्हणशील तर गुलाबी, कोवळ्या पोराच्या तळहातासारखा. किनारीला आलुबुखाराच्या लाकडाची बारीक पट्टी. जांभळी. वालाला असते तश्शी.

आता अडलंय ते झाकणापाशी. बसत नाही.

तुला बाबांचं आठवत असेल. पावसाळ्यात संत्र्याची खोकी ठोकताना ते ओरडायचे, "फळी इथली बघू नका रे, जिथं उघडणार तिथली हवा धरा!" दिल्लीला जायचं खोकं म्हणजे फळ्या एकमेकींना दाटून बसवायच्या, तिकडे जाईपर्यंत सुकून बरोबर फट पडायची. तेच मी इथं केलंय. सागवान गरीब, बसल्या जागी बसतं. पेअर ओल पितं आणि फुगतं. इथं आठवड्यातून दोनदा सूर्य दिसला तर लोक फोटो काढतात. म्हणून झाकण मी नागपूरचं धरून केलं, अंगाहून वाटाण्याच्या टरफलाएवढं मोठं. इथं ते शेंगेच्या ओठावर नुसतं टेकून राहतं. एप्रिलमध्ये तुझ्या वरच्या खोलीत ठेवलं की आठवड्यात आकसून आत उतरेल.

टोन घरामागच्या शेडमध्ये कॉफी प्यायला आला होता. झाकण दाबून बघितलं आणि म्हणाला, "जरा रंधा मार की."
मी म्हटलं, "नाही. हे भारतात उघडायचंय."
"मग इथं का करतोस?"
ह्या लोकांच्या प्रश्नाला कातडं नसतं, ताई. नुसतं हाड येऊन लागतं.

समताच्या बाबतीत तू म्हणतेस तेच मलाही वाटलं होतं. आता खात्री झाली. परवा शेडमध्ये आली, पेटी हातात घेतली, झाकण दाबलं. "अजून बसत नाही?" म्हणाली. मी म्हटलं, नाही. "मग तू कधी...?" आणि तिथंच थांबली. मी कधी जाणार ते विचारायचं होतं, धीर झाला नाही. आपली मुलं इकडे वाढली तरी ह्या बाबतीत आपलीच.

फेब्रुवारी अखेरचं तिकीट काढतो आहे. हात लवकर दुखतात, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो. पण येतो.

धनराज

*

नागपूर,
५ जानेवारी २०२५

धनराज,

अक्षर वाकडं आलंय, त्याकडे लक्ष देऊ नकोस. टेबल हलतं.

फेब्रुवारी म्हणालास, धरून ठेवलं. गिझर बसवला. इलेक्ट्रिकवाल्या सुदर्शननं येऊन वायर जोडली आणि मला खुणा करून शिकवलं, लाल दिवा म्हणजे चालू. म्हटलं, बाबा रे, दिवा दिसतो मला, कान गेलेत. श्रुती म्हणून एक पोर गल्लीच्या टोकाला राहते, नर्सिंगला आहे. ती हल्ली रोज येऊन बसते, भाजी चिरून देते, खूप बडबड करते असं तिच्या तोंडाकडे बघून वाटतं.

झाकणाला हात लावू नकोस. बरोबर केलंस. बाबांनी शिकवलेलं तेवढं एक तरी तू विसरला नाहीस. मीपण त्या खोक्यांना खिळे ठोकले आहेत, तू विसरला असशील. शाळा सुटल्यावर, फ्रॉकच्या खिशात खिळे भरून. अजून अंगठ्यावर खूण आहे.

समताला म्हणावं, आत्या म्हणते तू मोकळी हो. तुझं वय आहे. बापाचं आम्ही बघतो.

फार लिहवत नाही. टेबल हलतं. ये.

ताई

*

टिलबर्ग,
२३ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे घाईत लिहितो. तिकीट पुढे ढकललं. तब्येतीचं काही नाही, हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या आमच्या डॉक्टरनं, छाती तपासून जा म्हणून सांगितलं. थंडी अजून आहे. थोडं ऊन पडलं की बघू.

बाकी बरं चाललंय. टोननं वाफ्यावरचं काचघर धुऊन काढलं, मार्चअखेर कुंड्यांत बी लावू म्हणतो. त्याला वालाच्या भाजीचं वेड सुचेतानं लावलं, ओवा घालून खातो आणि घाम पुसतो. समता हल्ली गाडीतून उतरून सरळ आत येते. काल तिनं खिचडी केली, लागली होती, दोघांनी खाल्ली.

पेटीही झाली एकदाची. झाकणाला रंधा मारला, आता टप् करून बसतं. आवाज छान येतो.

गिझर जपून वापर.

धनराज

*

नागपूर,
२० मार्च २०२५

धनराज,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून आणि दुसऱ्यांदा बाबांच्या डोळ्यांनी.

झाकणाला रंधा मारलास.

बाकी तू डॉक्टर लिही, थंडी लिही, ऊन लिही. मला फसवायला तुला फार लांब जावं लागलं नसतं, ती एक ओळ गाळली असतीस तरी पुरलं असतं. पण हातानं काम करणाऱ्या माणसाला काम झाल्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या हवेत टप् करून बसणारं झाकण इथं एप्रिलात खुळखुळा होईल हे तुला ठाऊक आहे. लाकूड एकदा काढलं की परत चिकटत नाही हेही. म्हणजे पेटी तिथंच उघडायची ठरली. आणि जिथं पेटी तिथं तू.

येत नाहीस, असं दोन शब्दांत लिहिता आलं नाही काहून? मी मोठी आहे तुझ्याहून. मी कुठल्या कुठल्या नकारांवर उभी राहून म्हातारी झाले ते तुला माहीत आहे. एक लग्न मोडलं तेव्हा रडले नाही, शाळेतल्या हेडमास्तरकीच्या वेळी रडले नाही. तुझ्या ह्या टप्-वर मात्र पाणी आलं डोळ्यांत. राग होता तो. अजून आहे.

खोली पांढरी रंगवून घेतली मी. दार उघडं ठेवलं की जिन्यातसुद्धा उजेड येतो.

काय झालं ते लिही. खरं. समता काही बोलली का? तिनं थांब म्हटलं असेल तर मला समजेल. नुसता कंटाळा म्हणून थांबला असशील तर कंटाळा इथंही करता आला असता, दोघांनी मिळून.

ताई

*

टिलबर्ग,
१३ एप्रिल २०२५

ताई,

चूक कबूल. तू ओळखशील हे मला कळायला हवं होतं. खिळे खिशात भरणारी तू, मी विसरलो नव्हतो, तू अजून त्या नजरेनं वाचतेस हे विसरलो.

सांगतो.

फेब्रुवारीत एके संध्याकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा होता. पायात घरातल्या सपाता, म्हणून आवाज नाही. समताची गाडी नुकतीच येऊन थांबलेली. पाऊस झिमझिम, काच आतून धुरकटलेली, म्हणून तिनं खिडकी बोटभर खाली केली होती. आणि त्या बोटभर फटीतून सुचेताचा आवाज आला.

मी डबा धरून उभा राहिलो. आवाज पुसट नव्हता, आठवणीतला नव्हता, सर्दी झालेला, चिडका, आपला रोजचा. "समता, निघालीस का ग? येताना कोथिंबीर मिळाली तर बघ, त्या दुकानातली नको, ती नुसती गवत असते." मग बंद झाला. मग पुन्हा पहिल्यापासून.

ती फोनवर निरोप ठेवायची ना, बोलून. समतानं ते सगळे जपून ठेवलेत. रोज कामावरून आली की गाडीत बसून ऐकायची. कोथिंबीर, गॅस बंद केला का, स्वेटर घे. घरात ऐकायची नाही, कारण घरात माझे कान. वरच्या खोलीत दार लावून ऐकलं असतं तरी मला ऐकू गेलं असतं, आणि बाबाचं काय होईल, म्हणून. ह्या अख्ख्या घरात माझे कान पोचत नाहीत अशी एकच जागा तिला सापडली, दारातली गाडी. आणि मी आतून त्या गाडीचं दार केव्हा वाजतं ते मोजत बसायचो आणि तिला माझा कंटाळा आला असं तुला लिहायचो. तूही हो म्हणालीस. दोन शहाणी माणसं आपण.

तिनं आरशात मला बघितलं. मग पलीकडचं दार उघडलं. मी डब्यासकट बसायला निघालो होतो. म्हणाली, "बाबा, डबा खाली ठेव."

बसलो. दोघांनी ऐकले. मग ती अर्धं डच, अर्धं मराठी असं म्हणाली, "मी रोज शेडमध्ये जाते. झाकण दाबून बघते. बसत नाही म्हटलं की बरं वाटतं."
मी म्हटलं, "का?"
"तू म्हणाला होतास, पेटी झाली की निघालो."
"मग तू मला कधी जाणार असं विचारायला का आली होतीस?"
"मी नव्हते विचारत. मी विचारणार होते, तू कधी तरी थांबशील का."

वाक्य अर्धं सोडलं तिनं, आणि उरलेलं मी माझ्या मनानं लावलं. एवढे तिखट कान काय कामाचे.

दुसऱ्या दिवशी तिच्या समोर झाकणाला रंधा मारला. ती पाहून आधी घाबरली, झाकण बसलं म्हणजे मी चाललो असं तिचं गणित. मग तिला बाबांची खोकी सांगितली, दिल्लीची हवा सांगितली. तिनं पेटी घेतली आणि उघड-मीट, उघड-मीट, टप् टप् टप्, लहान पोरासारखी. मला थांब असं तिनं शब्दानं अजून म्हटलेलं नाही.

मी थकलोय, ताई. दोन ठिकाणी माझी गरज आहे हे कळून माणसाला बरं वाटायला पाहिजे, मला नुसतं आणखी थकायला झालं. तुझी खोली मी रोज डोळ्यांपुढे आणतो. पांढरी खोली, जिन्यात उजेड. तुला एकटं टाकतोय हे मला कळतं, त्याला दुसरा शब्द नाही.

आणि एक. टेबलाचं खोटं का लिहिलंस? ते टेबल मी केलंय. आयटीआयच्या शेवटच्या वर्षी, शिसवीचं, पाचर मारून. ते हलत नाही.

धनराज

*

नागपूर,
९ मे २०२५

धनराज,

टेबल हलत नाही. डिसेंबरात मी पडले. तुझ्यासाठी लावलेला न्हाणीघरातला तो दांडा धरायला गेले आणि हात ओला होता. मनगट मोडलं, उजवं. आता जुळलंय, अक्षर बघ. लिहिलं असतं तर तू पहिल्या विमानानं आला असतास. तसं येणं मला नको होतं. तू स्वतःहून यावास असं वाटत होतं. आता त्याला काही अर्थ नाही, पण खरं विचारलंस म्हणून लिहिलं.

समताचं वाचून मी किती तरी वेळ पत्र मांडीवर घेऊन बसले. माझंच चुकलं, मला वाटलं सगळ्या पोरी माझ्यासारख्या वाचनालयात जाऊन बसतात. तिला सांग, आत्यानं तिला मोकळी हो म्हटलं ते मागे घेतलं. तुझी नाही पण तिची माफी मागते.

राग गेला असं लिहिणार नाही. कमी झालाय. ह्या उन्हाळ्यात तेवढाच ओलावा घरात आहे, तो ठेवते.

वरची खोली श्रुतीला दिली. तिच्या घरी चार भावंडं, अभ्यासाला जागा नाही. कालच आली. जिना चढताना धाडधाड पाय आपटते, जमीन हादरते आणि मला ती माझ्या तळपायांना कळते. तेवढं पुरतं मला. ती ह्या पत्रावर तुझा पत्ता लिहिते आहे आणि टिलबर्ग कुठे आहे विचारते आहे. मी म्हटलं, माझ्या भावाच्या घराजवळ.

तू भेटायला ये. राहायला नको, भेटायला. थंडीत. समतालाही आण.

पेटी तिथं राहू दे. वाल तिथं लाव, तो आता तिथलाच झाला. मला दोन गोष्टी पाठव.

झाकणातून जे रंध्यानं काढलंस, ते. वाटाण्याच्या टरफलाएवढं म्हणाला होतास. झाकणातला तेवढा भाग नागपूरचा होता. तो माझा. फेकला असलास तर खोटं बोलू नकोस, मला कळतं.

आणि सुचेता त्या फोनमध्ये काय म्हणते ते लिहून काढ. तुम्ही दोघं गाडीत बसून ऐकता. मला मेलीला यंत्र कानाला लावून तरी ती कुठे ऐकू येणार आहे. तिचा आवाज मला आठवतो, शब्द तेवढे तू पाठव, मी जोडून घेईन.

ताई

*

टिलबर्ग,
१ जून २०२५

ताई,

फेकले नव्हते. रंध्याचे छिलके शेडच्या कोपऱ्यात जमा होतात, समता त्यातले लांब लांब उचलून एका वाटीत ठेवून बसली होती. पाकिटात घातलेत. गुलाबी आहेत, कागदाहून पातळ, उजेडात धरलेस तर बोटं दिसतील. मी सरळ करून ठेवले, पण तुझ्याकडे पोचेपर्यंत गुंडाळी होईल त्यांची. पाण्यात टाकू नकोस. तसेच राहू देत, हवा लागू दे.

मनगटाचं वाचलं. डिसेंबरात आम्ही दोघं येतोय, तिकीट समतानं काढलं, माझ्या हातात ठेवलं नाही. तो दांडा मी स्वतः खरखरीत करीन, ओल्या हातातून निसटणार नाही असा.

वाल काचघराबाहेर लावला. टोननं काठ्या रोवल्या. पेटी रिकामी झाली, सप्टेंबरात भरेल.

आता सुचेताचं. समता फोन घेऊन शेजारी बसली, ती लावते, मी लिहितो. बरेच आहेत, ह्या पत्रात एकच बसेल, बाकीचे एकेक करून पाठवीन. हा शेवटच्या उन्हाळ्यातला. मागे माझी करवत ऐकू येते. तुला ती येणार नाही, तुझ्या मनानं लाव. थोडी जास्तच लाव.

"समता, अग तू पोचलीस का? नसलीस पोचली तर राहू दे कोथिंबीर, टोननं दिली. भात झालाय. हे शेडमध्ये बसलेत. जगात कुठं खुट्ट झालं की ह्या माणसाला ऐकू येतं, पलीकडच्या घरात चमचा पडला तर मला सांगतात कुठला पडला. आणि मी जेवायला हाक मारते आहे केव्हाची, तेवढं मात्र ऐकू येत नाही. तू आलीस की सरळ आत ये आणि तूच सांग त्यांना, पानं वाढलीत म्हणावं."

एवढंच आहे.

समता उठून स्वयंपाकघरात गेली. आता तिनं हाक मारली. पहिल्याच हाकेला उठतो, ताई.

धनराज